उपडे मडके

भाताची झोडणी आटोपून खळी रिकामी झाली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, आणि पावसाळाभर पाण्याखाली राहिलेल्या खाचरांच्या पोटातील ओल मात्र अजून पुरती निमालेली नाही, अशा पौष महिन्याच्या सुमारास पेण आणि रोहे या दोन तालुक्यांतील गोड्या जमिनींवर वालाचे पीक शेंगांनी लवू लागते. आणि या शेंगा दाण्याने भरल्या आहेत पण वाळलेल्या नाहीत, एवढ्या थोडक्या आठवड्यांच्या मुदतीत, दिवेलागण उलटून गेल्यावर या भागातून जाणाऱ्या वाटसरूला शेतांच्या बांधांलगत ठिकठिकाणी जाळ उठताना दिसतात. परगावच्या माणसाला ते राब वाटण्याचा संभव आहे. पण राब भाजण्याचा हंगाम होळीच्या आगेमागे सुरू होतो, आणि राबाभोवती माणसे अशी उकिडवी बसून, हात शेकत, एकमेकांची थट्टा करीत वाट पाहत नाहीत. हे जाळ पोपटीचे.

पोपटी हा शब्द ऐकताच घाटावरील माणसाच्या डोळ्यांपुढे एक रंग उभा राहतो, तर कुलाब्याच्या माणसाच्या नाकात एक वास भरतो. (कुलाबा म्हणजे आजचा रायगड, जिल्ह्याचे नाव १९८१ साली बदलले, परंतु जुन्या माणसांच्या जिभेवरून ते अद्याप उतरलेले नाही, आणि माझ्याही नाही.) हा वास भांबुर्ड्याचा. ब्लूमिया वंशातील ही उग्रगंधी, लवदार पानांची वनस्पती भातकापणीनंतर शेताच्या कडेने आणि पडीक जागी कोणी न पेरता उगवते. एरवी जिला तण म्हणून कोणी विचारीत नाही, तिच्याच शोधात या एका महिन्यात माणसे पिशव्या घेऊन हिंडतात. मातीचे मडके घ्यावयाचे, त्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा थर द्यावयाचा, त्यावर धुतलेल्या ओल्या शेंगा पसरून खडे मीठ आणि ओवा भुरभुरावयाचा, मधोमध आले-लसूण आणि मसाला चोळून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, चार-सहा अंडी, रताळे, बटाटा, वांगे, जे हाती असेल ते, पुन्हा शेंगा, आणि सरतेशेवटी मडक्याच्या तोंडाशी भांबुर्डा असा ठासून भरावयाचा की, ते उपडे केले तरी आतली एकही शेंग खाली येऊ नये. आणि मग ते खरोखरच उपडे करावयाचे. तोंड जमिनीला टेकलेले, तळ आकाशाकडे, अशा त्या मडक्यावर चारी बाजूंनी पालापाचोळा, गवत, काटक्या, गोवऱ्या यांचा ढीग रचून तो पेटवून द्यावयाचा आणि अर्धा-पाऊण तास त्यात भर घालीत राहावयाचे. आत पाण्याचा थेंब घातलेला नसतो, तेलाचा तर नसतोच. पोपटी झाली की नाही हे पाहण्यासाठी झाकण उघडण्याची सोय नसल्यामुळे जाणता माणूस तापलेल्या मडक्यावर पाण्याचा शिपका मारतो, आणि ते पाणी चुरकन् उडून गेले म्हणजे जाळ मागे सारावयाला सांगतो.

पंक्तीत कोंबडीला आज मानाचे पान मिळत असले तरी, माझ्या समजुतीप्रमाणे, ती या मडक्यातील पाहुणी आहे आणि यजमानपण वालाच्या शेंगेकडे आहे; कारण पोपटीचा काळ ठरतो तो शेंगेवरून, आणि मांस न खाणारी घरेही नुसत्या शेंगांच्या पोपटीला आनंदाने येऊन बसतात. घाटावरचा ज्वारीचा हुरडा हा तिचा दूरचा भाऊ म्हणता येईल, परंतु तो आगटीच्या निखाऱ्यात उघडाच भाजला जातो. सख्खी बहीण शोधावयाची तर ती उत्तरेकडे, वलसाडच्या बाजूला सापडते. तेथील उंबाडियूंमध्येही पापडी, कंद आणि सुगंधी पाला मडक्यात कोंबून मडके उपडे करून भाजतात. आणि सुरतेच्या ज्या उंधियूने मुंबईकरांच्या थाळीत स्थान मिळविले आहे, त्याचे नावच मुळी गुजरातीतल्या ‘ऊंधुं’ म्हणजे उपडे या शब्दावरून पडले आहे. म्हणजे वालाचे पीक, मातीचे भांडे आणि उपडे करण्याची रीत ही तिन्ही एकत्र बांधून कोकणपट्टीच्या उत्तर टोकापासून कुंडलिकेच्या काठापर्यंत कोणी तरी कधी काळी नेली, किंवा ती तिन्ही जेथे एकत्र आली तेथे ही रीत आपोआप जन्मली.

ज्या गोष्टीवर सारा बसत नाही आणि जिच्यावरून तंटा होत नाही, तिची नोंद सरकारी दफ्तरात सहसा सापडत नसते. पेणच्या खारजमिनींविषयी, त्यांच्या बांधबंदिस्तीविषयी आणि शिलोत्री वहिवाटीविषयी १८८३ सालच्या कुलाबा गॅझेटियरात पुष्कळ मजकूर आहे, कारण त्या बांधांवर महसूल अवलंबून होता. कुलाब्याचे आंग्रे १८४० साली खालसा झाले, अंमल बदलले, जमाबंदीचे शिरस्ते बदलले, खोतांच्या फिर्यादी आणि कुळांच्या कैफियती यांनी कचेऱ्यांचे रुमाल फुगले. पण बांधावर बसून शेंगा भाजणाऱ्या रयतेकडे पाहण्याचे मामलेदाराला कारण नव्हते. तथापि पोपटीच्या इतिहासाला एक बाजू अशी आहे की जी दफ्तरात आडवाटेने का होईना, आलेली आहे, आणि ती म्हणजे तिचे सर्पण.

या मुलखात लाकडाची वाण कधीच नव्हती. वाण होती ती लाकूड तोडण्याच्या मुभेची. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत राखीव रानांच्या हद्दी मुक्रर होऊ लागल्या, आणि ज्या झाडांच्या फांद्या छाटून शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राब भाजीत आला होता, त्यांनाच हात लावण्याची मनाई होऊ लागली. राब म्हणजे भाताचे रोप जेथे पेरावयाचे ती जमीन पालापाचोळा, फांद्या आणि शेण यांचा थर देऊन भाजून काढणे. ते न केले तर रोप धरत नाही, असा शेतकऱ्याचा अनुभव होता, आणि ते करू दिले तर जंगल उरणार नाही, असा जंगल खात्याचा दावा होता. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला या दोन जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी कमिशन नेमावे लागले व १८८७ साली त्याचा अहवाल बाहेर पडला. रानाच्या आतल्या अंगाला राहणाऱ्या कातकऱ्यांची अवस्था तर याहून बिकट होती. खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या ज्या धंद्यावरून त्यांना नाव मिळाले तो बसला, आणि त्यांतील पुष्कळांना उचल घेऊन कोळशाच्या भट्ट्यांवर राबणे नशिबी आले. त्या भट्ट्यांतला कोळसा मुंबईच्या चुली आणि शेगड्या पेटविण्यासाठी खाडीतून आणि पुढे रस्त्याने जात राहिला.

या सर्व हकीकतीचा पोपटीशी संबंध असा की, ज्या जाळावर ती होते तो जाळ गरिबाचा आहे. पालापाचोळा, गवत आणि काटक्या ही विनापरवाना, विनामूल्य मिळणारी वस्तू. तिचा जाळ मोठा पण अल्पजीवी. तिच्यातून निखारा असा जमत नाही, आणि निखाऱ्यावाचून कोंबडीसारखा जिन्नस उघड्यावर भाजू म्हटले तर बाहेरून करपतो व आत कच्चा राहतो. असला उतावळा जाळ कामी लावावयाचा तर त्याची आच कोठे तरी साठवून, हळूहळू आत सोडली पाहिजे. आणि जाड मातीच्या भिंतीहून या कामाला अधिक स्वस्त साधन पेणच्या बाजारात तेव्हा नव्हते आणि आजही नाही. मडके उपडे करण्यामागेही हीच काटकसर दिसते. हलके सर्पण मडक्याच्या खाली घालून जाळता येत नाही, वर रचून जाळता येते. मडक्याचा घुमट वर गेला की आत उठलेली वाफ तेथेच कोंडून राहते. आणि तोंड जमिनीला चिकटलेले असल्यामुळे बाहेरचा धूर आत शिरावयाला वाट राहत नाही. पूर्वजांना अमुक शास्त्र ठाऊक होते म्हणून त्यांनी तमुक रीत पाडली, असे म्हणण्याची जी सवय आपल्याकडे बोकाळली आहे, तिचा मला कंटाळा आहे. येथे शास्त्र नव्हते. सर्पणाचा हिशेब होता. पण हिशेब बरोबर असला की त्यातून पुष्कळदा हिशेबात न धरलेले लाभही पदरात पडतात, आणि पुढे जे सांगावयाचे आहे ते त्या लाभासंबंधी आहे.

आपल्या प्राचीनांनी मांस शिजविण्याच्या रीतींत एक भेद फार स्पष्ट केलेला होता. अमरकोशात शुळावर भाजलेल्या मांसाला ‘शूल्य’ आणि ‘भटित्र’, तर भांड्यात शिजविलेल्या मांसाला ‘उख्य’ आणि ‘पैठर’ अशी वेगवेगळी नावे दिली आहेत. इ. स. ११३० च्या सुमारास कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या मानसोल्लासात, ज्यात जुन्या मराठीच्या काही ओळी सापडतात म्हणून आपण त्याचे नाव घेतो त्याच ग्रंथात, राजाच्या भोजनाचे प्रकरण आहे, आणि त्यात लोखंडी शिगांना टोचून निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसखंडांचे वर्णन मोठ्या चवीने केलेले आहे. राजाच्या घरी निखारा होता, शिगा होत्या, शिगा फिरविणारे नोकर होते. शूल्य हे वैभवाचे अन्न. पोपटी या दोन कोटींपैकी कोणत्या कोटीत घालावी असा प्रश्न मला पुष्कळदा पडला आहे, कारण तिचा जाळ शूल्याचा आहे आणि तिचे भांडे उख्याचे. तिला खरे नाव द्यावयाचे तर ते वैद्यकात सापडते: औषधी द्रव्य पानांत गुंडाळून, वर मातीचा लेप देऊन, विस्तवात ठेवून त्याचा रस काढण्याची जी क्रिया आयुर्वेदात ‘पुटपाक’ म्हणून प्रसिद्ध आहे, तिचेच हे शेतकरी रूप. भवभूतीने रामाच्या दुःखाला याच पुटपाकाची उपमा दिली. बाहेर काही दिसत नाही, आत मात्र सर्व शिजत असते. पेणच्या शेतात बसून भवभूती आठवणे हे मास्तरकीचे लक्षण आहे, याची मला जाणीव आहे.

आता उघड्या जाळावर भाजलेल्या मांसाविषयी गेल्या शंभर वर्षांत जे कळले त्याकडे वळू. लंडनच्या धुराड्यांत उतरून काजळी साफ करणाऱ्या पोरांना पुढे वृषणकोशावर कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ साली लिहून ठेविले होते. पण काजळीत आहे तरी काय, हे उमगावयाला दीड शतकाहून अधिक काळ गेला. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा या दोघांनी सशांच्या कानांवर महिनोन्‌महिने डांबर चोळून कर्करोग उत्पन्न करून दाखविला, आणि १९३३ साली लंडनमधील संशोधकांनी डांबरातून बेन्झोपायरीन हे द्रव्य वेगळे काढले. १९३९ साली स्वीडनमधील लुंड येथील विडमार्क याने, जो रक्तातील मद्याचे प्रमाण मोजण्याच्या सूत्रामुळे पोलिसांना अधिक परिचित आहे, घोड्याचे मांस भाजून त्याचा अर्क उंदरांच्या पाठीवर लावला असता त्या उंदरांच्या स्तनग्रंथींत अर्बुदे उत्पन्न झाल्याचे प्रसिद्ध केले. डांबराची गोष्ट निराळी. डांबर कोणी खात नाही. येथे प्रथमच स्वयंपाकघराकडे बोट दाखविले गेले होते. परंतु त्याच साली महायुद्ध सुरू झाले, आणि विडमार्कच्या त्या टिपणाकडे दीर्घकाळ कोणी फारसे लक्ष दिले नाही.

आपल्याकडे कर्करोगाचा शोध रूढींच्या वाटेने चालला होता. १९४१ साली मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले, आणि तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी लोकांच्या सवयी व त्यांचे कर्करोग यांचा परस्परसंबंध शोधण्याचे काम आरंभिले. तंबाखूच्या नाना तऱ्हा, आणि कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षे आवळलेल्या धोतराने होणारा त्वचेचा रोग, अशा गोष्टींची त्यांनी जी बारकाईने दखल घेतली ती या देशातील वैद्यकाला नवी होती. काश्मीरमध्ये पोटाशी कांगडी धरून बसणाऱ्यांच्या कातडीवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन तर एल्म्स्ली नावाच्या मिशनरी डॉक्टराने १८६६ सालीच केलेले होते. रूढी ही रोगाची जशी साक्षीदार असते तशी कधी कधी त्याची आरोपीही असते, हा विचार आपल्याला तेव्हापासून परिचित आहे.

भाजलेल्या मांसाचा प्रश्न मात्र पुन्हा उभा राहिला तो तोकियोत, आणि तोही एका गृहिणीच्या शेगडीपाशी. तेथील राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील ताकाशी सुगिमुरा हे एके दिवशी घरी बसले असता त्यांची पत्नी मासळी भाजीत होती, आणि वर उठणारा धूर पाहून त्यांच्या मनात आले की या धुरात आणि या करपलेल्या कातडीत काय असेल? तपासण्याचे साधन त्या वेळी नुकतेच हाती आलेले होते. कॅलिफोर्नियातील ब्रूस एम्स याने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत, हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल स्वतः तयार करण्याची शक्ती गमावलेले जिवाणू घेतात. ते हिस्टिडीनवाचून वाढू शकत नाहीत. त्यांच्यावर संशयित द्रव्य टाकले आणि त्या द्रव्याने त्यांच्या जनुकांत फेरबदल घडवून आणला, तर काही जिवाणूंना ती शक्ती परत मिळते व ताटलीत त्यांच्या वसाहती दिसू लागतात. किती वसाहती, त्यावरून द्रव्य किती जनुकघातक. सोबत उंदराच्या यकृताचा अर्कही घालतात, कारण पुष्कळ द्रव्ये जात्या निरुपद्रवी असून यकृतातून जाताना घातक रूप धारण करतात. १९७७ साली सुगिमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले की, भाजलेल्या मासळीच्या व मांसाच्या करपलेल्या पृष्ठभागाने या परीक्षेत वसाहतींची गर्दी उसळते, आणि ती त्यातील बेन्झोपायरीनच्या प्रमाणावरून अपेक्षावी त्याहून कितीतरी अधिक असते. म्हणजे धुराखेरीज आणखी काही तरी होते.

ते काय, हे शोधता शोधता १९८० च्या सुमारास त्यांनी एका विशेष प्रबळ द्रव्याला, ज्याला रसायनशास्त्रज्ञ ‘आयक्यू’ या आद्याक्षरांनी ओळखतात, वेगळे केले. आणि ते ज्या पदार्थातून वेगळे केले तो पदार्थ ऐकला म्हणजे कोकणी माणसाने कान टवकारावे असा आहे. तो होता उन्हात वाळवून मग विस्तवावर भाजलेला सार्डिन मासा, म्हणजे आपल्या तारल्याचा जातभाई. धरमतरच्या खाडीकाठी पावसाळ्यात ताजी मासळी बंद झाली की सुका बांगडा, सुके बोंबील निखाऱ्यावर टाकून भाकरीशी खाणारे जे लोक आहेत, त्यांचे आणि त्या जपानी घराचे जेवण एकाच गोत्राचे निघाले.

या गटातील द्रव्ये कशी उत्पन्न होतात याचा उलगडा १९८३ साली पुन्हा त्याच लुंड गावातून झाला. मार्गारेटा येगरस्टाड यांनी असे मांडले की स्नायूंत असणारे क्रिएटिन, अमिनो आम्ले आणि शर्करा ही तिन्ही तीव्र आचेवर एकत्र आली म्हणजे ही द्रव्ये तयार होतात. क्रिएटिन हे प्राण्याच्या स्नायूंतच असल्यामुळे करपलेल्या भाकरीत किंवा करपलेल्या शेंगेत हा गट निर्माण होत नाही. साधारणतः दीडशे अंश सेल्सियसच्या पुढे ही क्रिया जोर धरते, आणि आच व वेळ वाढेल तशी ती वाढत जाते. मांसाला ओल असते तोवर त्याचा पृष्ठभाग पाण्याच्या उकळबिंदूपलीकडे फारसा जाऊ शकत नाही. पृष्ठभाग सुकला, तपकिरी झाला, खमंग वास सुटला, की समजावे क्रिया सुरू झाली. खमंगपणा आणि घातकपणा यांचे हे शेजार मोठे गैरसोयीचे आहे, पण ते तसे आहे खरे. दुसरा गट धुराचा, ज्यात ते जुने बेन्झोपायरीन मोडते. मांसातील चरबी वितळून थेंबाथेंबाने निखाऱ्यावर पडते, तेथे जळते, आणि तिचा काजळीयुक्त धूर वर येऊन त्याच मांसावर बसतो. कोळशावर भाजलेल्या मांसात बेन्झोपायरीन असल्याचे लिजिन्स्की आणि शुबिक यांनी अमेरिकेत १९६४ साली दाखवून दिलेलेच होते.

आता पुन्हा त्या उपड्या मडक्याकडे पाहावे. शुळावरच्या मांसाच्या खाली विस्तव असतो, म्हणून चरबी विस्तवात पडते. पोपटीत विस्तव वर आणि सभोवती असतो, आणि कोंबडीची चरबी जी काही सुटेल ती केळीच्या पानातून शेंगांवर, शेंगांवरून खालच्या भांबुर्ड्यावर, आणि भांबुर्डा टेकलेला असतो त्या थंड जमिनीकडे उतरते. ती जाळाला भेटतच नाही. धूर वर निघून जातो, आणि आत शिरावयाचे म्हटले तर त्याला खालच्या तोंडाने, ओल्या पाल्यातून शिरावे लागेल. आणि मडक्यात ओल्या शेंगांची व पाल्याची वाफ कोंडलेली असेतोवर पानात बांधलेली कोंबडी शंभर अंशांच्या आसपासच शिजते, भाजत नाही. मडक्याच्या भिंतीला चिकटलेल्या शेंगा करपतात, पण शेंगेत क्रिएटिन नाही. म्हणजे ज्या तीन कारणांनी उघड्यावर भाजलेले मांस दूषित होते, त्या तिघांनाही या मडक्याने, कोणाच्याही ध्यानीमनी नसता, दाराबाहेर ठेविले आहे.

परंतु वकिली करावयाची तर पूर्ण करावी. पोपटी निर्धोक असली तरी तिच्यापाशी बसणारा तसा असेलच असे नाही, कारण जाळ सारीत अर्धा-पाऊण तास धूर खाणारा माणूस पोपटी खाणाऱ्याहून अधिक बेन्झोपायरीन आत घेतो. आणि घरोघरच्या चुलींपुढे लाकडाच्या धुरात ज्यांचे आयुष्य गेले त्या बायांचा प्रश्न तर वर्षातून एकदा होणाऱ्या पोपटीहून फार मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने घरगुती चुलीतील लाकूडफाट्याच्या धुराला ‘संभाव्यतः कर्करोगकारक’ या वर्गात घातले आहे, आणि आयक्यू या द्रव्यालाही १९९३ साली त्याच वर्गात. आयक्यूची भावंडे एक पायरी खाली आहेत. बेन्झोपायरीन सर्वांत वरच्या, निश्चित वर्गात आहे. मात्र हे वर्ग पुराव्याच्या बळकटीचे आहेत, धोक्याच्या मोठेपणाचे नव्हेत, ही गोष्ट वर्तमानपत्रे नेहमी विसरतात. भाजलेल्या मांसात ही द्रव्ये एका ग्रॅममागे नॅनोग्रॅमांच्या हिशेबाने असतात, आणि प्रयोगशाळेतील उंदरांना अर्बुदे झाली ती त्याहून हजारो पटींनी अधिक मात्रा देऊन. माणसांविषयीचा पुरावा अजून एकमुखी नाही. सुगिमुरांच्या केंद्राने १९७८ साली कर्करोग टाळण्यासाठी जनतेला जी बारा कलमे घालून दिली होती, त्यांत करपलेला भाग खाऊ नये असे एक कलम होते; २०११ साली नवी बारा कलमे आली तेव्हा ते त्यांत राहिले नाही.

हे सारे मी गेल्या हिवाळ्यात रोह्याच्या अलीकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर बसून, विचारले नसता, सांगत होतो. आता या भागात पोपटीला पूर्वीसारखी शेंग भरण्याची वाट पाहावी लागत नाही. मुंबईहून कोलाड-रोह्याच्या बाजूला शनिवार-रविवारी येणाऱ्या मंडळींसाठी शेतघरांतून ती फर्मायशीप्रमाणे लावली जाते, आणि तिच्याच शेजारी लोखंडी जाळी मांडून कोळशावर कोंबडीच्या तंगड्या भाजल्या जातात. ज्या डोंगरांतला कोळसा कातकऱ्यांनी पाडून मुंबईला पाठविला, त्या डोंगरांच्या पायथ्याशी मुंबईचा माणूस पिशवीतला कोळसा घेऊन येतो आणि शूल्य व उख्य एकाच पंक्तीला वाढतो. मडकेही कोठे कोठे पत्र्याचे झाले आहे. पत्र्याच्या डब्याची भिंत पातळ, आच थेट आत जाते, ओल लवकर आटते, आणि तळाचे पान करपून कोंबडीला चिकटते. त्या डब्यात पोपटीचा वास येतो, पण पुटपाक तेवढा राहत नाही.

माझे व्याख्यान ऐकणाऱ्यांत त्या घरच्या काकी होत्या. त्यांच्या पडवीत सुक्या बोंबलांची माळ टांगलेली असते, आणि चुलीतल्या निखाऱ्यावर भाजलेला बोंबील ठेचून त्याची चटणी करण्यात त्यांचा हात धरणारा त्या पंचक्रोशीत कोणी नाही. सर्व ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, “मास्तर, मग त्या जपानी बाईंनी मासळी भाजायची सोडली काय?”

मी सांगितले की ते काही कोठे छापून आलेले नाही.

“मग धनी तरी खायचा थांबला का?”

याचेही उत्तर मजपाशी नव्हते. एवढ्यात त्यांच्या मुलाने मडक्यावर पाणी मारले, ते चुरकन् उडाले, आणि सर्व मंडळी उठली. राख बाजूला सारून, ओल्या गोणपाटाने धरून त्याने मडके सरळ केले, भांबुर्ड्याचे काळवंडलेले बूच ओढून काढले आणि आतला ऐवज केळीच्या पानांवर ओतला. पांढऱ्या वाफेच्या त्या ढिगात सर्वांत शेवटी, मडक्याच्या तळातून, जेथे आच सर्वांत जास्त होती तेथून, भिंतीला चिकटलेल्या पाच-दहा काळ्या शेंगा खरवडून निघाल्या. पोरांनी हात घातला तो प्रथम त्यांवरच. काकींनी त्यांतल्या दोन उचलून माझ्या पुढ्यात टाकल्या आणि म्हणाल्या, “ह्यांच्यात ते तुमचं मांसातलं नाही ना? मग खा.”